निर्वासिताच्या सोबतीला, भाषेच्या वर्गापासून कामाच्या जागेपर्यंत: जर्मनीतील नव्या मराठी स्वयंसेवकांसाठी मार्गदर्शक

जर्मनीत दोन-चार वर्षे काढलेल्या मराठी माणसाला गावातल्या एखाद्या स्वयंसेवी गटाकडून कधी ना कधी विचारणा होते: सीरियाहून किंवा अफगाणिस्तानातून एक कुटुंब आले आहे, आठवड्यातून एक-दोन तास त्यांच्याबरोबर बसाल का? या सोबतीला जर्मनमध्ये ‘पाटेनशाफ्ट’ म्हणतात आणि ती करणाऱ्याला ‘पाटे’. या लेखात ‘सोबती’ हाच शब्द वापरला आहे. ‘माझेच जर्मन अजून धड नाही, मी दुसऱ्याला काय शिकवणार’ असे म्हणून बरेच जण मागे सरतात. तो संकोच अनाठायी आहे, कारण शिकवण्याचे काम वर्गातले शिक्षक करतातच. सोबत्याचे काम वर्गात मिळालेली भाषा आणि पगार देणारे काम यांच्यामधल्या वाटेवर आहे. त्या वाटेवर माणसे नेमकी कुठे अडकतात, हे काही वर्षांपूर्वी स्वतः परके म्हणून आलेल्या माणसाला चांगले कळते.

ही वाट लांब आहे, हे आकड्यांवरून आधीच समजून घेतलेले बरे. २०१५ साली सुमारे ८ लाख ९० हजार लोक आश्रयासाठी जर्मनीत आले आणि २०१६ मध्ये आश्रयासाठी ७ लाख ४५ हजारांहून अधिक अर्ज नोंदले गेले. न्यूरेंबर्गची आयएबी ही रोजगार-संशोधन संस्था, स्थलांतर व निर्वासितविषयक संघीय कार्यालय म्हणजे बीएएमएफ आणि बर्लिनमधील एक दीर्घकालीन घरगुती पाहणी अशा तिघांनी मिळून २०१६ पासून या लोकांची वर्षानुवर्षे विचारपूस चालवली आहे. तिच्यातून असे दिसते, की आल्यानंतर सहा वर्षांनी निम्म्याहून थोडे अधिक, म्हणजे ५४ टक्के लोक कामाला लागलेले होते. पुरुषांत हे प्रमाण ६७ टक्के आणि स्त्रियांत केवळ २३ टक्के होते. २०१५ साली आलेल्यांपैकी २०२२ पर्यंत सुमारे ६४ टक्के कामावर होते. पहिल्या वर्षात काम मिळाले नाही म्हणून सोबत्याने किंवा त्या माणसाने खचून जाण्याचे काही कारण नाही, एवढे तरी या आकड्यांवरून नक्की होते.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: ‘भाषा आली की नोकरी मिळते’ हे अर्धेच खरे आहे. प्रत्येक कामाची भाषा वेगळी असते, आणि कोणती भाषा कोणत्या टप्प्यावर, किती आणि कशासाठी शिकायची याचा क्रम चुकला, तर शिकलेली भाषाही वाया जाते. पुढच्या पायऱ्या याच क्रमाने लावल्या आहेत.

पहिली पायरी: आधी कागद पाहा

पहिल्या भेटीत व्याकरणाचे पुस्तक उघडू नका. त्या व्यक्तीच्या हातात कोणता कागद आहे ते विचारा, कारण कोणता अभ्यासक्रम मोफत मिळेल आणि काम करता येईल की नाही, हे त्या कागदावर ठरते. आश्रयाचा अर्ज प्रलंबित असलेला अर्जदार, निर्वासित दर्जा मिळालेला, दुय्यम संरक्षण मिळालेला आणि अर्ज नाकारला जाऊनही परत पाठवणे तूर्त स्थगित असलेला, म्हणजे ‘डुल्डुंग’वर राहणारा, या चौघांच्या वाटा वेगळ्या आहेत. युक्रेनमधून आलेल्यांना मार्च २०२२ मध्ये युरोपीय संघाने तात्पुरते संरक्षण लागू केल्यामुळे आश्रयाच्या प्रक्रियेतून जावेच लागले नाही आणि कामाची मुभाही लगेच मिळाली. अर्जदारांना मात्र सुरुवातीचे काही महिने काम करता येत नाही. भाषेच्या वर्गांचेही तसेच. २०१५ च्या अखेरीस अर्जदारांसाठी वर्ग खुले झाले, ते सीरिया, इराक, इराण, इरिट्रिया अशा ‘राहण्याची शक्यता चांगली’ मानलेल्या देशांच्या लोकांपुरतेच. अफगाण अर्जदार वर्षानुवर्षे बाहेर राहिले. २०२३ पासून जागा असेल तर सर्व अर्जदारांना प्रवेश देता येऊ लागला, पण जागा आणि निधी यांचे नियम सतत बदलतात, त्यामुळे मागच्या वर्षी आपल्या ओळखीच्या कुणाला काय मिळाले यावर विसंबू नये.

राहण्याचे ठिकाणही विचारा. कोणत्या राज्याने किती लोक घ्यायचे हे ‘क्योनिग्सटाइनर श्ल्युसेल’ या सूत्राने ठरते, त्यात राज्याचा कर-महसूल आणि लोकसंख्या मोजली जाते. कुणाचे काम कुठे आहे हे मोजले जात नाही. शिवाय २०१६ च्या कायद्यानुसार दर्जा मिळाल्यानंतरही साधारणपणे तीन वर्षे त्याच राज्यात राहावे लागते. पुरेशा पगाराचे आणि तासांचे काम, आउसबिल्डुंग (कंपनीत आणि व्यावसायिक शाळेत मिळून होणारे व्यवसाय-प्रशिक्षण) किंवा शिक्षण मिळाल्यास ही अट उठवता येते. म्हणजे ज्या खेड्यात बस दिवसातून तीनदा येते तिथल्या माणसासाठी भाषेची पहिली अडचण उच्चार नसून वर्गापर्यंत पोहोचणे हीच असते.

एक इशारा द्यायला हवा. कायद्याचा सल्ला आपण देऊ नये. जर्मनीत विनामूल्य असला तरी कायदेशीर सल्ला पात्र व्यक्तीच्या मार्गदर्शनाखालीच देता येतो. कारितास, डियाकोनी, आर्बायटरवोलफार्ट, जर्मन रेड क्रॉस या सेवाभावी संस्थांची स्थलांतर-सल्ला केंद्रे जवळपास प्रत्येक जिल्ह्यात असतात आणि २७ वर्षांखालील तरुणांसाठी ‘युगेंडमिग्रात्सिऑन्सडीन्स्ट’ ही स्वतंत्र सेवा आहे. आपण भेटीची वेळ ठरवून द्यावी आणि फार तर बरोबर जावे.

दुसरी पायरी: माणूस कोणत्या भाषा घेऊन आला आहे ते पाहा

‘त्याला भाषा येत नाही’ हे वाक्य मी कार्यालयांत इतक्यांदा ऐकले आहे, की आता ते ऐकले की मी आपोआप विचारतो: कोणती? दमास्कसचा विद्यार्थी अरबी आणि बऱ्यापैकी इंग्रजी घेऊन येतो. इरिट्रियाचा तरुण तिग्रिन्या घेऊन येतो, जिची लिपी आपल्या देवनागरीसारखीच व्यंजनाला स्वर जोडणारी आणि डावीकडून उजवीकडे जाणारी आहे. इराकमधल्या शिंगालची यझिदी स्त्री कुर्मांजी बोलते, पण शाळेत गेलेलीच नसते. या तिघांना एकाच वर्गात बसवले, तर एक कंटाळतो, एक कसाबसा टिकतो आणि तिसरी आठवड्याभरात येणे बंद करते.

म्हणून प्रवेशापूर्वीच्या पातळी-चाचणीला सहज घेऊ नये. अजिबात लिहिता-वाचता न येणाऱ्यांसाठी साक्षरतेचा वेगळा अभ्यासक्रम आहे, तो सर्वसाधारण अभ्यासक्रमापेक्षा बराच लांब चालतो. दुसऱ्या लिपीत साक्षर असलेल्यांसाठी ‘त्स्वाइटश्रिफ्टलेर्नर’ म्हणजे दुसरी लिपी शिकणाऱ्यांचा अभ्यासक्रम आहे. अनेकजण लाजेपोटी ‘मला वाचता येते’ असे सांगतात आणि चुकीच्या वर्गात जाऊन पडतात. आपल्याला ही लाज ओळखता यायला हवी. ज्या मराठी मुलाने पाचवीत पहिल्यांदा ए-बी-सी-डी गिरवली आहे, त्याला नव्या लिपीत हात वळवताना काय होते हे सांगावे लागत नाही. घरी एखादे पान एकत्र बसून लिहून घेतले, की खरी स्थिती पाच मिनिटांत कळते.

याच भेटीत शिक्षण आणि काम यांची उजळणी करून ठेवा: किती वर्षे शाळा, कोणते काम, कोणत्या यंत्रांवर, किती माणसांवर देखरेख. ही माहिती पुढे बायोडेटासाठी लागणार आहे, आणि माणूस आपल्याच तोंडून आपल्या कामाविषयी बोलला, की तो ‘निर्वासित’ एवढाच उरत नाही, सुतार किंवा शिक्षक म्हणून समोर येतो.

तिसरी पायरी: इंटिग्रात्सिऑन्सकुर्स, म्हणजे ७०० तास

नव्याने आलेल्यांसाठीचा हा सरकारी अभ्यासक्रम १ जानेवारी २००५ पासून चालू आहे. सर्वसाधारण रूपात भाषेचे ६०० तास आणि जर्मन कायदा, इतिहास, समाज यांची ओळख करून देणारे १०० तास अशी त्याची मांडणी असते. इथे तास म्हणजे ४५ मिनिटे. भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ अशा चढत्या क्रमाने मोजतात; ए१ पासून बी१ पर्यंत जाणे हे उद्दिष्ट. शेवटी ‘डीटीझेड’ ही भाषेची परीक्षा होते, तिच्यात गुणांनुसार ए२ किंवा बी१ मिळते. ओळख-भागाच्या परीक्षेत ३३ प्रश्न असतात. ते आधीच जाहीर असलेल्या ३१० प्रश्नांच्या संचातून येतात. या दुसऱ्या परीक्षेची धास्ती घेण्यासारखे काही नाही, पाठ करून माणूस पास होतो.

डीटीझेडमधला लेखनाचा भाग मात्र बऱ्याच जणांना अडवतो. ३० मिनिटांत दोनपैकी एक विषय निवडून छोटे पत्र लिहायचे असते: घरमालकाला हीटर बिघडल्याचे कळवणे, शिक्षिकेला मुलाच्या आजारपणाचे कळवणे अशा धर्तीचे. सोबती म्हणून आठवड्याला एक असे पत्र लिहून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी सराव आहे. विषय खोटे देऊ नका. त्या आठवड्यात खरोखर कुणाला काय कळवायचे आहे ते विचारा, आणि लिहिलेले पत्र पाठवूनही द्या. पहिल्या प्रयत्नात बी१ मिळाले नाही, तर २०२४ च्या अखेरपर्यंत साधारणपणे आणखी ३०० तासांच्या पुनरावृत्तीचा अर्ज करता येत असे; आता ही सोय बरीच मर्यादित झाली आहे, म्हणून आधी विचारून घ्यावे.

वर्गाची जागा मिळेपर्यंत महिने जातात. त्या काळात फोक्सहोखशुले या लोकशिक्षण संस्थांच्या मोफत लर्नपोर्टालवर ए१ पासून अभ्यास सुरू करता येतो, डॉइच वेलेचे मोफत पाठही चांगले आहेत. पण नुसत्या मोबाइलवर शिकणारा माणूस सहसा ऐकायला शिकतो, बोलायला शिकत नाही. आठवड्याचा आपला तास त्यासाठी वापरावा.

स्त्रियांविषयी वेगळे बोलायला हवे, कारण वरच्या आकड्यांतली ६७ आणि २३ ही दरी नुसत्या भाषेची नाही. लहान मूल आहे आणि किटाची, म्हणजे पाळणाघराची जागा नाही, हे कारण वर्ग सुटण्याच्या कारणांत मी सर्वांत जास्त पाहिले. नवरा वर्गात जातो, बायको घरी राहते, दोन वर्षांनी नवरा बी१ला आणि ती ‘गुटन टाग’ला असते, मग कार्यालयात, दवाखान्यात तोच बोलतो आणि तिचे बोलणे आणखी मागे पडते. म्हणून कुटुंबाशी ओळख झाल्या दिवशीच किटाचा अर्ज भरायला घ्या. भाषेच्या वर्गाच्या अर्जाआधी तो करावा, असे मी सांगेन. पालकांसाठी आणि स्त्रियांसाठी पूर्वी स्वतंत्र अभ्यासक्रम असत, पण तेही प्रत्येक गावात नव्हते.

चौथी पायरी: कामाची भाषा वर्गाबाहेर असते

या पायरीवर सोबत्याचा सर्वांत जास्त उपयोग आहे, आणि नेमकी हीच पायरी सर्वांत जास्त वेळा वगळली जाते. बी१ मिळालेला माणूस सुट्टीच्या सहलीविषयी चार वाक्ये नीट बोलतो. गोदामात पहिल्या दिवशी मात्र फोरमन त्याला म्हणतो, ‘पॅलेटी हाल्ब द्रायपर्यंत रॅम्पवर आण’, आणि तो तीन वाजून तीस मिनिटांनी घेऊन येतो. ‘हाल्ब द्राय’ म्हणजे अडीच, साडेतीन नव्हे. पहिल्या वर्षी मीही यात फसलो होतो, कारण आपला ‘साडे’ पुढच्या बाजूला मोजतो आणि जर्मन ‘हाल्ब’ मागच्या बाजूला. उलट, ‘आइनउंडत्स्वान्त्सिग’ म्हणजे एक-आणि-वीस ही उलटी रचना इंग्रजीतून आलेल्यांना छळते, पण एकवीस म्हणणाऱ्या मराठी माणसाला आणि ‘वाहिद व इश्रून’ म्हणणाऱ्या अरबी माणसाला तिचे काहीच वाटत नाही. असे धागे सापडले की ते जरूर सांगावेत, त्याने तासाला मजा येते.

पद्धत अशी ठेवा. त्या व्यक्तीला कोणत्या कामात जायचे आहे ते ठरल्यावर त्या कामातल्या खऱ्याखुऱ्या कागदांवर बसा. गोदाम असेल तर सुरक्षेच्या सूचना, धोक्याची चिन्हे, डिलिव्हरीची पावती, पाळ्यांचा तक्ता. उपाहारगृहाचे स्वयंपाकघर असेल तर ॲलर्जीच्या घटकांची यादी आणि स्वच्छतेचा तक्ता. वृद्धाश्रम असेल तर पाळी बदलताना एका परिचारिकेने दुसरीला सांगायची ‘युबरगाबे’ आणि प्रत्येक रहिवाशाविषयी लिहायची रोजची नोंद. ती नोंद चार ओळींचीच असते, पण त्यात चूक झाली तर पुढच्या पाळीतल्या माणसाकडून औषधाची चूक होऊ शकते. म्हणूनच परिचर्येच्या कामात बहुतेक ठिकाणी बी२ मागतात, आणि ती अट नुसता हट्ट नाही.

कोणत्याही कामासाठी चार प्रसंग पुन्हा पुन्हा घोटून घ्यावेत: सकाळी फोन करून आजारी असल्याचे कळवणे, सूचना समजली नाही तर पुन्हा विचारणे, आपली चूक झाल्याचे सांगणे आणि पगारपत्रकातली एखादी कपात विचारणे. यांतला दुसरा प्रसंग सर्वांत अवघड जातो. अनेकांना वरिष्ठाला ‘समजले नाही’ म्हणणे उद्धटपणाचे वाटते, म्हणून ते ‘या, या’ म्हणतात आणि मग चुकीचे काम करतात. मालकाला वाटते, माणूस बेफिकीर आहे. ‘म्हणजे मी आधी हे करायचे आणि नंतर ते, बरोबर ना?’ या वाक्याची जर्मन आवृत्ती तोंडात बसली, की निम्मी भांडणे टळतात. फोनचा सराव खरोखर दोन खोल्यांत बसून फोनवरच करावा, कारण समोर चेहरा नसला की अर्धी भाषा नाहीशी होते.

बोलीचाही प्रश्न असतो. पुस्तकी मराठी शिकून कुणी थेट मालवणात किंवा गडहिंग्लजला कामाला गेला तर त्याचे जे होईल, ते वर्गातले प्रमाण जर्मन घेऊन बवेरियातल्या किंवा श्वेबियातल्या वर्कशॉपमध्ये गेलेल्याचे होते. बोली शिकवणे आपल्या आवाक्याबाहेर आहे. पण ‘तुझे जर्मन कच्चे नाही, हे लोक वेगळे बोलतात’ एवढे सांगितले तरी माणूस धीर धरतो. ‘डू’ आणि ‘झी’ हा भेद, म्हणजे आपले तू आणि तुम्ही, मराठी माणसाने सहज समजावून द्यावा: बांधकामावर पहिल्या दिवसापासून डू चालते, कार्यालयात समोरच्याने म्हटल्याशिवाय चालत नाही.

बी१ च्या पुढे सरकारचे व्यावसायिक भाषा-अभ्यासक्रम, ‘बेरूफ्सश्प्राखकुर्से’, २०१६ पासून आहेत. त्यांत बी२, सी१ आणि परिचर्या, वैद्यकीय अशा क्षेत्रांचे वेगळे वर्ग असतात. प्रवेश जॉबसेंटर (काम नसलेल्यांना निर्वाहाची मदत देणारे आणि काम शोधायला मदत करणारे कार्यालय) किंवा रोजगार कार्यालयाच्या शिफारशीने मिळतो, तेव्हा तिथल्या भेटीत तो स्पष्ट शब्दांत मागावा लागतो. न मागता क्वचितच मिळतो.

पाचवी पायरी: कौशल्याचा कागद

जर्मनीत काम येते एवढ्याने भागत नाही, ते येते असे सांगणारा कागद लागतो. २०१२ च्या कायद्याने परदेशी शिक्षणाची ‘आनएर्केनुंग’, म्हणजे मान्यता, मागण्याचा हक्क दिला. डॉक्टर, परिचारिका, शाळाशिक्षक हे नियंत्रित व्यवसाय आहेत. त्यांत मान्यतेशिवाय कामच करता येत नाही. सुतार, प्रोग्रामर, स्वयंपाकी यांना तशी सक्ती नाही, पण मान्यता असली तर पगारात फरक पडतो.

डॉक्टरांचे उदाहरण घेतले, की भाषेची पातळी आणि कामाची भाषा यांतले अंतर लख्ख दिसते. त्यांना सर्वसाधारण जर्मन बी२ चालते, पण वैद्यकीय भाषेची परीक्षा सी१ पातळीवर द्यावी लागते. तिचे वीस-वीस मिनिटांचे तीन भाग असतात: रुग्णाशी बोलणे, त्यावरून वैद्यकीय पत्र लिहिणे आणि दुसऱ्या डॉक्टरला रुग्णाची माहिती देणे. रुग्णापुढे साधे शब्द, सहकाऱ्यापुढे लॅटिन शब्द, आणि कागदावर तिसरीच शैली. तरीही जर्मनीतल्या परदेशी डॉक्टरांत सीरियातून आलेल्यांचा गट आज सर्वांत मोठा आहे, यावरून ही चढण अशक्य नाही हेही कळते.

कागदपत्रे युद्धात हरवली असतील, तर ‘क्वालिफिकात्सिऑन्सअनालिझे’ नावाची सोय आहे: तज्ज्ञांसमोर प्रत्यक्ष काम करून दाखवणे, कामाचा नमुना आणि तांत्रिक चर्चा. अलेप्पोमध्ये पंधरा वर्षे वायरिंग केलेल्या माणसाचे हात यात बोलतात, पण चर्चा जर्मनमध्ये होते. हत्यारांची आणि मानकांची नावे आधी घोटून न्यावी लागतात. प्रमाणपत्रांची भाषांतरे शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावीत. त्याचा खर्च जॉबसेंटर उचलू शकते, मात्र भाषांतराआधी विचारावे लागते. पैसे भरून मग पावती नेली, तर बहुधा नकार येतो.

सहावी पायरी: काम आत्ता की वर्ग आधी?

हा प्रश्न प्रत्येकाला कधी तरी पडतो, आणि त्याचे एकच उत्तर नाही. घरी पैसे पाठवायचे असतात, प्रवासासाठी घेतलेले कर्ज फेडायचे असते, आणि पार्सल वाटण्याचे किंवा भांडी धुण्याचे काम उद्यापासून मिळत असते. ए२ वर वर्ग सोडून असे काम धरले, तर दोन वर्षांनी माणूस ए२ वरच राहतो, कारण भांडी धुताना बोलावे लागत नाही आणि संध्याकाळी पुस्तक धरण्याची ताकद उरत नाही. दुसरीकडे वर्गात असेपर्यंत कमाई थांबते हेही खरे, आणि सहा-सहा अभ्यासक्रम करूनही एकदाही कामावर न गेलेली माणसे मी पाहिली आहेत. त्यांचे जर्मन वर्गापुरतेच राहते.

डेन्मार्कचा एक अनुभव इथे उपयोगी आहे. तिथे १ जानेवारी १९९९ नंतर निर्वासित दर्जा मिळालेल्यांना भाषेचे प्रशिक्षण आधीच्यांपेक्षा बरेच जास्त तास मिळाले, आणि या तारखेच्या अलीकडच्या-पलीकडच्या लोकांची पुढची कित्येक वर्षे तुलना करणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना जास्त तास मिळालेल्यांचा रोजगार आणि उत्पन्न दीर्घकाळ वरचढ दिसले. फरक दिसायला मात्र वर्षे लागली. जर्मनीने २०२३ च्या शरद ऋतूत ‘जॉब-टुर्बो’ या नावाने वेगळी दिशा धरली: इंटिग्रात्सिऑन्सकुर्स संपला, की लवकर कामावर आणि पुढची भाषा कामासोबत.

माझे मत असे, की बी१ च्या आधी पूर्णवेळ काम धरू नये. पैशांची निकड असेल, तर संध्याकाळचा मिनीजॉब, म्हणजे थोड्या तासांचे मर्यादित कमाईचे काम, धरावा आणि सकाळचा वर्ग सोडू नये. बी१ झाल्यावर मात्र वाट पाहत बसू नये. कामावर जावे आणि मालकाशी बोलून कामासोबतचा भाषा-अभ्यासक्रम मिळवावा. काम निवडताना पगाराइतकाच एक प्रश्न विचारावा: इथे दिवसभरात मला किती बोलावे लागेल? जिथे सगळे सहकारी अरबी बोलतात त्या दुकानापेक्षा जिथे जुना जर्मन सुतार दिवसभर कटकट करतो ते वर्कशॉप भाषेसाठी कितीतरी चांगले. निर्णय शेवटी त्या व्यक्तीचा आहे, तिच्या कर्जाचा बोजा आपल्याला दिसत नाही. आपण एका कागदावर दोन्ही वाटांचे तीन वर्षांचे पैसे मांडून दाखवावेत आणि गप्प बसावे.

सातवी पायरी: आउसबिल्डुंग

तरुणांसाठी हा सर्वांत खात्रीचा रस्ता, आणि अलीकडे महाराष्ट्रातूनही अनेक मुले याच वाटेने येत असल्यामुळे वाचकांना तो अनोळखी नसेल. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून आपल्याकडेही बी१, बी२ हे शब्द घरोघरी गेले आहेत. बहुतेक आउसबिल्डुंग तीन ते साडेतीन वर्षांचे असतात, आठवड्यातून एक-दोन दिवस व्यावसायिक शाळा आणि उरलेले दिवस कंपनीत. कंपनी बी१ वर घेते, पण शाळा बी१ वर झेपत नाही. कामात वाकबगार असलेला मुलगा लेखी परीक्षेत नापास होतो, कारण प्रश्नच तीन ओळींचा असतो आणि क्रियापद शेवटी येते. वाक्याच्या शेवटी क्रियापद ही सवय मराठी माणसाला असते, अरबी भाषकाला नसते. प्रश्न शेवटाकडून वाचण्याची युक्ती त्याला दाखवा.

थेट जागा मिळाली नाही, तर ‘आइनश्टीग्सक्वालिफित्सीरुंग’ हे काही महिन्यांचे, मोबदला मिळणारे पूर्वप्रशिक्षण असते; त्यात कंपनी मुलाला पारखते आणि मुलगा कंपनीची भाषा शिकतो. प्रशिक्षण चालू असताना मोफत शिकवणीची मदत रोजगार कार्यालयामार्फत मिळते, ती पहिल्या नापासाआधी मागावी. डुल्डुंगवरच्या तरुणांसाठी २०१६ पासून ‘तीन अधिक दोन’ अशी तरतूद आहे, म्हणजे तीन वर्षे प्रशिक्षण आणि त्यानंतर दोन वर्षे काम; अटी बऱ्याच आहेत, म्हणून आधी सल्ला-केंद्र गाठावे.

सोबत्याने काय टाळावे

अफगाण लोकांपैकी बऱ्याच जणांचे बालपण पाकिस्तानात गेलेले असते किंवा हिंदी चित्रपट पाहून त्यांचे कान तयार असतात, त्यामुळे आपल्याला पाहताच ते हिंदीत बोलू लागतात. पहिले दोन आठवडे ही देणगीच आहे, विश्वास त्यातूनच जुळतो. पुढे ती अडसर होते. आम्ही घरात असा नियम केला होता, की चहा होईपर्यंत हिंदी, कप रिकामा झाला की जर्मन.

जॉबसेंटरमध्ये त्या व्यक्तीच्या वतीने बोलू नका. शेजारी बसा, तिने अडखळत का होईना स्वतः सांगू द्या, आणि आकडा किंवा तारीख चुकली तरच मध्ये पडा. मुलांना दुभाषी करू नये, विशेषतः दवाखान्यात. मुले भाषा लवकर उचलतात म्हणून हा मोह सगळ्यांनाच होतो, पण आईच्या दुखण्याचा तपशील दहा वर्षांच्या मुलाने सांगावा हे योग्य नाही. अल्पवयीन मुलांबरोबर काम करणार असाल, तर संस्था तुमच्याकडे विस्तृत पोलिस-दाखला मागेल. स्वयंसेवकांना संस्थेचे पत्र दाखवल्यास तो विनाशुल्क मिळतो.

पहिल्या भेटीला जाताना एक जाडसर फाइल आणि खणांचे दुभाजक घेऊन जा. घरात आलेली सगळी पत्रे बहुधा एका पिशवीत कोंबलेली असतात, पिवळ्या लिफाफ्यांसकट. पिवळा लिफाफा म्हणजे अधिकृत पोचवणी, त्यावर लिहिलेल्या तारखेपासून मुदत मोजली जाते, म्हणून ते आधी काढा. मग बाकीची पत्रे निवास, भाषा, काम, घर, तब्येत अशा खणांत एकत्र बसून लावा आणि प्रत्येक पत्रातला एकच शब्द, पत्र कुणाकडून आले तो, मोठ्याने वाचून घ्या. पहिला तास एवढ्यात संपतो.